राखणदार

चावडीच्या ओट्याखाली, काढून ठेवलेल्या जोड्यांशेजारी माझ्या बापाला बसवलं होतं. ओट्यावर कारकून, पाटील आणि दोन पंच. मी मध्ये उभा. वीस वर्षांचा. आमच्या पाड्यात चार यत्ता शिकलेला मी एकटाच, म्हणून भिलीचं मराठी करायला मला बोलावलेलं.

सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं शेत कुणाच्या नावावर लिहायचं, एवढाच प्रश्न होता. पाटील ते आपलं म्हणत होता.

बापानं तोंड उघडलं तसा पाटील म्हणाला, "त्याले काय समजस? तूच सांग रे, जमीन कोनी शे?"

"त्यालाच विचार," कारकून म्हणाला. "मालक कोण?"

मी विचारलं. बाप म्हणाला, "मालक कणसरी. आपण राखणदार."

कणसरी म्हणजे आमची धान्याची आई. जमिनीला 'माझी' म्हणणं आमच्यात पाप. पिढ्यान्‌पिढ्या जो नांगरतो तोच स्वतःला राखणदार म्हणवतो. हे सांगण्याइतकं मराठी मला येत होतं. मी नुसता शब्दाला शब्द दिला.

कारकून म्हणाला, "मग बोलाव त्या कणसरीला अंगठा द्यायला!"

सगळे हसले. मीही हसलो.

बापाला मराठी कळत नव्हतं. हसणं कळत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मालक म्हणून पाटलाचं नाव लागलं. बाप आपल्याच शेतात त्याचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी झाला आणि सालदार म्हणूनच मेला. मला कधी एक शब्द बोलला नाही. मला चावडीत काम मिळालं. शहाणा भिल्ल म्हणायचे मला. पुढं वीस वर्षं कितीजणांचं 'राखणदार' मी तसंच सांगत गेलो.

गेल्या उन्हाळ्यात एक विधवा म्हातारी त्याच जागी बसली. तेच बोलली. माझ्या तोंडून निघालं, "ती म्हणते, जमीन माझी आहे."

नवा कारकून हसला. "राखणदार म्हणाली ती. मीही ऐकलं." राखणदाराला आमच्या भाषेत जो शब्द आहे, तेवढा एकच त्यानं शिकून घेतला होता.

"त्याचा अर्थ मी आजवर चुकीचा सांगितला. सगळ्यात आधी माझ्या बापाच्या वेळी."

"म्हणजे खोटं बोलत होतास?"

"हो."

मला हाकललं. म्हातारीची जमीन गेलीच. बापाच्या शेतासाठी अर्ज केला, तर उत्तर मिळालं: जबाब तुझ्याच तोंडचा आहे.

आता मी पाड्यापाड्यांत जातो. चावडीत कणसरीचं नाव काढू नका, सांगतो. 'माझी' म्हणा, मराठीत म्हणा. म्हणवून घेतो. म्हातारे कानांवर हात ठेवतात. एकजण थुंकला. पाप आहेच. ते माझ्या डोक्यावर.

जमीन परत मिळेल असं मी कुणाला सांगत नाही. मला ते दिसत नाही. पण यापुढे आमच्याच शब्दावर ती कुणाला घेऊ देणार नाही. घ्यायचीच असेल तर लाठी घेऊन या. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर.