मिरचीच्या दिवसात निघताना

बाहेर पडताना कोणी शिंकलं, तर आमच्या घरातला माणूस परत येतो, खाली बसतो, घोटभर पाणी पितो आणि मगच निघतो. बी.एस्सी. झाल्यावर मी वडिलांना शिंकेमागचं शास्त्र समजावलं. त्यांनी कौतुकानं सगळं ऐकलं. म्हणाले, "बराबर हाय. पर आधी बस."

नसरापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी मला अकराला मुलाखतीला बोलावलं होतं. आमच्या घरात अशा मुलाखतीला निघालेला मी पहिलाच. वेल्ह्याहून नऊची एसटी चुकली तर नोकरी गेली, कारण वडापवाले जीप भरल्याशिवाय हलत नाहीत.

नेमकं त्याच सकाळी शेजारच्या काकूंनी वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्या कांडायला घेतल्या.

मी उंबरा ओलांडला, आई शिंकली. बसलो, पाणी प्यालो, उठलो. वडील शिंकले. पुन्हा बसलो. तिसऱ्यांदा मीच शिंकलो. जाणाऱ्याची स्वतःची शिंक धरायची का, यावर पाच मिनिटं गेली.

"जोडशिंक चांगली असती," चुलते म्हणाले. "वैनी, तुमी अजून एक काढा."

आईनं प्रयत्न केला, येईना. मग ती काकूंच्या उखळाजवळ जाऊन वास घेऊन आली. एकदम तीन आल्या.

शेवटी वडील कुंपणाशी गेले. "वैनी, पोरगं जाईस्तोवर मुसळ थांबवा."

"थांबवते की! पर एवढं शिकलंय, त्याला नाक धरून जायचं कळंना व्हय?"

नाक मी धरून उपयोग नव्हता, इतरांनी धरायला हवं होतं. काकूंनी पदर नाकाला लावला. ते पाहून अख्ख्या आळीनं नाकं दाबली. त्या शांततेतून मी पळालो. 'नीट जा' म्हणायलाही कोणी तोंड उघडलं नाही.

एसटी मिळाली. कंडक्टर माझ्याजवळ आले, शिंकले. ड्रायव्हरनी गाडी बंद केली, बाटली काढून ते पाणी प्याले आणि मागं वळून ओरडले, "कुणाच्या अंगाला मिरची हाय रं?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

अकराला पाच कमी असताना शाळेत पोहोचलो. नाव पुकारलं गेलं. मी दारात पाऊल टाकलं आणि मुख्याध्यापिका शिंकल्या. मी मागे फिरलो, बाकावर बसलो, पाणी प्यालो, मग आत गेलो.

"बाहेर का गेलात?"

"तुम्ही शिंकलात, मॅडम."

त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली. "शिंक का येते, सांगा."

मी नाकातल्या नसांपासून फुप्फुसांपर्यंत सगळं सांगितलं. कॉलेजात आमच्या सरांनी जीव तोडून शिकवलं होतं, एक शब्द चुकला नाही.

"हे सगळं माहीत असून बाहेर जाऊन बसलात?"

"घरी गेल्यावर वडील विचारतील, मॅडम."

त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं.

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "हा शर्ट मात्र घालू नका."