सेलू टेसनावरची दुधी

माझ्या लग्नाला खुद्द माझ्या नाकानेच विरोध केला होता.

निजामी राज्यातली गोष्ट. माझ्या नाकाच्या शेंड्यावर एक चामखीळ होती आणि तिच्यापायी दोन स्थळं हातची गेली होती. (दुसऱ्या मुलीला तर हसू आवरेना!) तिसरं स्थळ चारठाण्याचं. मामा म्हणाले, "हे बी गेलं तर पुन्हा माझ्या दारात येऊ नको!" वैद्यांनी उपाय सांगितला होता, रानातल्या दुधीचा चीक रोज थेंबभर लावायचा. दुधी म्हणजे जमिनीला चिकटून पसरते आणि तोडली की पांढरा चीक गळतो, ती. चामखीळ निम्मी झालीही होती.

मुलगी बघायला मामांबरोबर निघालो. सेलूला रेल्वेतून उतरलो, तर रुळांच्या कडेला दुधीच दुधी! उरलेली चामखीळ एका दमात संपवायची म्हणून मी अख्खं नाक चिकानं माखलं. वर एक डहाळी मागून आणलेल्या शेरवानीच्या खिशात ठेवली.

बैलगाडी देवगावला पोचेस्तोवर नाकाचं वांगं झालं. चारठाण्यात शिरलो तेव्हा ते भरताच्या वांग्याएवढं! (चामखीळ मात्र कुठे दिसत नव्हती.)

मुलीचे वडील मामांच्या कानाशी लागले. "पाव्हणं, राग मानू नका. पोराला काई रोग तर न्हाई?"

"छे छे! काल रातच्याला असलं काईच नव्हतं!" मामांनी आणखीच घोळ घातला. वडील उठायच्या बेतात.

तेवढ्यात पाटावर मान खाली घालून बसलेली मुलगी बोलली, "नाकाला काय लावलंत?"

सगळी बैठक गार!

"दुधी. सेलू टेसनावरची," मी नाकात म्हणालो आणि डहाळी पुढे केली.

ती उठली, अंगणातून दुसरी तोडून आणली आणि दोन्ही माझ्यासमोर धरल्या. मला तर जुळ्या बहिणी वाटल्या!

"नीट बघा. ही आपली, हिचं बोंड गुळगुळीत. अन् ही रेल्वेसंगं आलेली परकी. हिच्या बोंडाच्या धारंवर लव हाय. हिचा चीक लय भाजतो." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, रोग न्हाई, नुसता भोळेपणा हाय."

काय ती नजर! काय ती हिंमत! मोहरीहून बारीक बोंडावरची लव जिला दिसते, तिला मी जागच्या जागी पसंत करून टाकलं. (माझी पसंती कुणी विचारली नव्हती.)

"भाजतो हे तुला गं कसं ठावं?" मामांनी विचारलं.

"दादाच्या मानंला लावून पाह्यला. एका अंगाला ही, दुसऱ्या अंगाला ती."

कोपऱ्यात तिचा दादा मुकाट्यानं मान चोळत बसला होता.

तिनंच ताकात भिजवलेली फडक्याची घडी माझ्या नाकावर ठेवायला लावली. नाक उतरलं आणि सोयरीक जमली.

पाठवणीच्या वेळी तिच्याहून जास्त तिचा दादा रडला. माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी! बहिणीवर केवढी माया म्हणून माझेही डोळे भरून आले. पुढच्याच आठवड्यात बायको दोन हातांत दोन पाले घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "जरा मान इकडं करा बघू!"

दादा कशाला रडला होता, ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.