एका चुलीवरची माणसं

“जेवता कुठे?”

काका नव्या माणसाला आधी हेच विचारत. नाव नंतर, गाव त्याच्याही नंतर. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस असो, सोसायटीचा नवा चौकीदार असो, “खाना कहाँ खाते हो?” समोरच्याला वाटायचं, हे आता जेवायला बोलावणार. काकांच्या मनात तसलं काही नसायचं. उत्तर मिळालं की ते समाधानाने मान हलवत आणि विषय संपायचा. एकदा त्यांनी बँकेच्या मॅनेजरला हा प्रश्न विचारला. तो सज्जन गृहस्थ म्हणाला, “रोज तो टिफिन है जी, संडे को आ जाऊँ?” आणि खरंच आला. बायकोसकट. काकू त्या रविवारी स्वयंपाकघरातून जे पुटपुटत होत्या ते मी इथे लिहीत नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नोकरीतून निवृत्त झालेला, पण नोकरी ज्याच्यातून निवृत्त झालेली नाही असा.

माझे वडील फौजेत हवालदार. दिल्ली कँटमधून त्यांची बदली ईशान्येकडे झाली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मला मधेच गावी न्यायला कोणाचा जीव होईना. गणपती मंडळाच्या ओळखीतून मयूर विहारमधल्या काकांच्या फ्लॅटमधली एक खोली मिळाली. मी सामान घेऊन दारात उभी, आणि काका विचारतात, “जेवणार कुठे?”

मला वाटलं, जेवणाचे पैसे वेगळे पडतील. म्हणून म्हटलं, “मी बाहेर बघेन काहीतरी.”

त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे तू आमच्याकडे राहणार नाहीस. नुसती झोपायला येणार.”

“अहो, पोरीला आत तरी येऊ द्या,” काकू मागून म्हणाल्या. मी आत आले आणि त्याच रात्रीपासून त्यांच्याबरोबर जेवू लागले.

काकांची सगळी नोकरी लोकांचा घरखर्च विचारण्यात गेली होती. देशातली माणसं काय खातात, काय नेसतात, कशावर किती खर्च करतात, याची घरोघर जाऊन पाहणी करणारं एक सरकारी खातं आहे. काका तिथे आधी दारोदार फिरले आणि पुढे फिरणाऱ्यांना शिकवू लागले. त्यांच्या शिकवण्यातला पहिला धडा असा: घर म्हणजे छप्पर नव्हे, आडनाव नव्हे, रक्ताचं नातंही नव्हे. जे एका चुलीवर शिजलेलं खातात, ते एक घर. एका वाड्यात चार चुली असतील तर चार घरं. चार अनोळखी मुलं एका भाड्याच्या खोलीत एकत्र खिचडी लावत असतील तर ते एक घर. हे त्यांनी मनाने काढलेलं नव्हतं, सरकारी नियमच तसा आहे. पण काका ते अशा स्वरात सांगत की हा नियम देवाने आधी केला आणि सरकारने पुढे त्याची नक्कल काढली असं वाटावं.

मी अर्थशास्त्र घेतलं होतं आणि मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. देशाच्या उत्पन्नाच्या धड्यात घरगुती उपभोग आणि सरकारी उपभोग असे दोन शब्द आले. मी काकांना भीत भीत विचारलं.

“सोपं आहे. तुझे वडील सरकारी उपभोगात आणि आई घरगुती उपभोगात.”

“म्हणजे कसं?” मी म्हटलं.

“अगं, वडील पहारा देतात. तो पहारा बाजारात विकला जातो का? नाही. मग त्याची किंमत काय धरायची? त्यांचा पगार. सरकारने तो पहारा सगळ्यांच्या वतीने विकत घेतला आणि वापरून टाकला. आणि तोच पगार गावी गेला, आईने त्यातून पीठ-मीठ आणलं, तो झाला घरगुती उपभोग. दोन्ही मिळवले की देशाचा बहुतेक खर्च त्यात आला.”

मी हे फोनवर वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे मला सरकार वापरून टाकतंय, हे तुला कॉलेजात शिकवतात. त्याला फी कशाला भरायची? मी फुकट सांगितलं असतं.”

मला आणखी एक शंका होती. मी काकांना विचारलं, की माझे वडील मग पाहणीत कोणाच्या घरचे धरतात? काका म्हणाले, बराकीत राहणारे जवान कोणाच्याच घरात धरत नाहीत. त्यांचं जेवण लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या सामाईक स्वयंपाकघरात, चूल सरकारची. मला ते ऐकून कसंतरीच झालं. काकांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी आपल्या ताटातला पापड माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाले, “नियम आहे तो. नियमाला काय कळतंय.” नियमाविरुद्ध बोललेलं त्यांचं तेवढं एकच वाक्य मी ऐकलं आहे.

दिल्लीतल्या मोठ्या कोठ्यांवर, म्हणजे श्रीमंतांच्या बंगल्यांवर, त्यांचा खास राग. “झोपडीतली बाई आपल्याला बसायला पाट देते आणि मुठीने मोजून सांगते, इतकी डाळ. कोठीवाला गेटवरच्या फोनमधून नोकराकरवी बोलतो. साहब घर पर नहीं हैं. मॅडम सो रही हैं. फार मागे लागलं की सांगतो, हम तो बस दो रोटी खाते हैं. देशाच्या हिशेबात दिल्लीतले श्रीमंत उपाशी आहेत, माहीत आहे तुला?” कारखान्यांकडून, शेतीकडून बेरीज करत आणलेला खर्चाचा आकडा आणि घरोघर विचारून आणलेला आकडा कधी जुळत नाहीत, हे आमच्या पुस्तकातही होतं. काका म्हणत, “पाहणीतला भारत कमी जेवतो. हिशेबातला भारत जास्त जेवतो. खरा भारत मधेच कुठेतरी ढेकर देत असणार.”

त्यांना एकच खंत होती. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं वाजवली, पण त्यांचं स्वतःचं घर पाहणीत कधी निवडलं गेलं नाही. निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते, तिथे वशिला चालत नाही. “एकदा तरी यायला हवं कोणीतरी. मी असा जवाब देईन की त्याने तो फ्रेम करून ठेवावा.”

आता वरच्या खोलीबद्दल सांगायला हवं.

फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, त्यामुळे गच्ची काकांची. गच्चीवर एक बरसाती, म्हणजे इथे गच्चीवरच्या खोलीला म्हणतात तशी एक खोली. लग्नानंतर मुलगा आणि सून तिथे राहायला गेले. निखिल आणि ऋचा. दोघंही गुडगावला नोकरीला. जेवायला खाली यायचे. भांडण असं कधी झालं नाही, हे मी शपथेवर सांगेन. ऋचाने एकदा म्हटलं, “आई, सकाळी लवकर निघायचं असतं ना, तर वर एक छोटा गॅस ठेवते. बस, चहापुरता.” काकू म्हणाल्या, “अच्छा, ठेव की.” मग चहाबरोबर अंडं आलं, कारण खाली अंडं चालत नव्हतं. मग रात्री उशीर होतो म्हणून मॅगी आली. मग मेट्रोच्या स्टेशनवरून आणलेले पनीर रोल. काका जिन्यात पडलेली खोकी बघून म्हणत, “देशाचंही असंच झालं. धान्याचा वाटा घटत गेला, बाहेरच्या खाण्याचा वाढत गेला.” बोलताना ते हसत. मग एका संध्याकाळी वरून कुकरची शिट्टी आली. आम्ही तिघं जेवत होतो. काकूंनी वर पाहिलं. काकांनी पाहिलं नाही. त्यांनी मीठ मागितलं, मीठ त्यांच्या समोरच होतं.

त्या दिवसापासून काकांनी देशाच्या खाण्यावर विनोद केला नाही.

आणि नेमकी तेव्हाच आमची गल्ली पाहणीत निवडली गेली, आणि गल्लीतून आमचं घर निघालं. एक हरियाणवी मुलगी आली, हातात टॅब, उन्हाने लाल झालेली. काकांना आदल्या दिवशी कळलं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ती म्हणाली, “सर, आपने तो हमारे सुपरवाइज़र साहब को ट्रेनिंग दी थी.” काका लाजले. निवृत्त माणूस इतका सुंदर लाजू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

“सर, घर में कितने लोग हैं?”

काकांनी तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या. “पाँच. हम दोनों, बेटा, बहू और ये लड़की.”

“सब एक ही रसोई से खाते हैं?”

“हाँ जी, बिल्कुल.”

मी काकांकडे पाहिलं. ते टॅबकडे बघत होते. मुलीने पाच लिहिलं आणि ती पुढचं विचारू लागली. तांदूळ, डाळ, तेल, साखर. काकू सांगत गेल्या, आणि त्या खरंच सांगत होत्या, जे आमच्या स्वयंपाकघरात येतं तेवढंच. थोड्या वेळाने मुलगी थांबली.

“आंटी, पाँच लोग हैं और आटा इतना ही?”

“बच्चे कम खाते हैं,” काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, “अच्छा, थोड़ा बढ़ा दो. दुगना लिख लो.”

त्या बिचारीचं बोट टॅबवर तसंच राहिलं. तिने काकांकडे पाहिलं. आकडे जुळत नाहीत तेव्हा नेमका कुठे हात घालायचा, हे तिच्या साहेबाला शिकवणारा माणूस तिच्यासमोर बसला होता. त्या घटकेला काकांना काय हवं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. त्यांना पाच हवे होते. एक शब्द न बोलता ते पाच मिळत होते. थोडं खोटं पीठ मळायचं, की घर एक राहत होतं.

“तीन लिखिए,” काका म्हणाले. “बेटा-बहू ऊपर अलग बनाते हैं. हम दोनों, और यह लड़की. यह हमारे साथ खाती है.”

काकू उठल्या. “वा. मुलगा शेजारी झाला आणि पेइंग गेस्ट घरची झाली. काय पण तुमचं सरकार.” आणि आत गेल्या. मला धरणीने पोटात घेतलं तर बरं असं वाटत होतं. त्या मुलीने अतिशय हळू आवाजात उरलेलं सगळं विचारलं. काकांनी सगळ्याची उत्तरं दिली, साबणापासून मेट्रोच्या कार्डापर्यंत. तो जवाब खरोखर फ्रेम करण्यासारखा होता.

रात्री निखिल खाली आला तेव्हा काकूंनी त्याला सगळं सांगितलं, रडून. मला वाटलं, तो आता भडकेल. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते खुर्चीत ताठ बसले होते. त्यांना तो भडकायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

“तर त्यात काय आई,” निखिल म्हणाला. “बाबांनी बरोबरच सांगितलं. सेपरेटच आहोत ना आम्ही. चलो, सकाळी लवकर निघायचंय.” आणि आईच्या पाठीवर थोपटून वर गेला. मुलगा चांगला आहे. त्याच्या आवाजात राग तर नव्हताच, थोडं कौतुक होतं.

पुढचे काही दिवस काकू काकांशी बोलत नव्हत्या. वाढायच्या, पण ताट जरा लांब ठेवायच्या. मला मात्र आग्रह करून वाढत, आणि प्रत्येक पोळी मला जड जात होती. मी एकदा म्हटलंसुद्धा, की मी दुसरीकडे खोली बघते. काकू म्हणाल्या, “तू गेलीस तर दोन लिहितील.”

पुढे एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा मी दिल्लीतच, पण लांब मुनिरकाला राहायला गेले. काका गेल्या थंडीत वारले. मी काकूंना भेटायला गेले तेव्हा खाली त्यांची चूल होती आणि वर ऋचाची. दोन्ही चालू होत्या, भांडण तेव्हाही नव्हतं. काकूंनी मला जेवायला बसवलं. काकांबद्दल फार बोलल्या नाहीत. आम्ही दोघी वरण-भात जेवलो.

मला काका आठवतात ते त्या अबोल्याच्या दिवसांतल्या एका संध्याकाळचे. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. काका जिना चढून आले. हातात काही नव्हतं. बरसातीच्या दारावर त्यांनी दोनदा बोटाने टकटक केलं आणि दोन पावलं मागे येऊन उभे राहिले, हात पुढे बांधून, परक्या घराच्या दारात उभं राहतात तसे. मी दिसू नये म्हणून चादर तशीच दोरीवर राहू दिली.

ऋचाने दार उघडलं. “काय झालं बाबा? आई बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत,” काका म्हणाले. मग म्हणाले, “झालं का तुमचं जेवण?”

“नाही, आत्ताच राजमा केलाय.” तिने मागे वळून पातेल्याकडे पाहिलं. दोघांपुरतं होतं. ते काकांनाही दिसलं, आकडा बघायची सवय लागलेला माणूस तो. ते म्हणाले, “असू दे, असू दे, मी सहजच,” आणि जिन्याकडे वळले.

“बाबा, थांबा ना यार,” निखिल आतून म्हणाला. ऋचाने पेला भरून पाणी पातेल्यात ओतलं, गॅस मोठा केला, आणि दाराजवळच्या स्टुलावरचे इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर टाकले. काका चपला बाहेर काढून आत गेले आणि त्या स्टुलावर बसले, राजमा पुन्हा उकळायची वाट बघत.