दांडा पडला की टाळ्या

घोड्यावरून पडलेला माणूस उठतो तेव्हा कपड्यांना माती लागलेली असते आणि पदरात एक किस्सा पडलेला असतो. मी घोडदळात मेजर, वर उड्यांच्या स्पर्धांचा स्वार, म्हणजे किस्से भरपूर. पण सगळ्यात भारी किस्से दिले आमच्या लालबागच्या चाळीने.

*

माझी घोडदळात निवड झाली तेव्हा चाळीने पेढे वाटले. शेजारच्या परबकाकांना मात्र एकच काळजी. सुट्टीवर येशील तेव्हा घोडा बांधायचा कुठे? चाळ कमिटीच्या मीटिंगमध्ये हा विषय खरोखर निघाला, आणि मसाला कुटायच्या डंकामागची जागा मंजूरही झाली!

*

लग्नात वरातीच्या घोड्यावर ऐटीत बसलो, टाच दिली. घोडा ढिम्म! बँडचं गाणं संपेपर्यंत पाऊल उचलायचं नाही, अशी त्याला शिकवणच होती. बायको अजून ऐकवते, मुहूर्त टळला असता तर मेजरसाहेबांनी घोड्यावरच खापर फोडलं असतं.

*

महालक्ष्मीच्या स्पर्धेला चाळ टेम्पो करून आली. उडीत घोड्याचा पाय लागून आडवा दांडा पडला की चार गुण जातात. माझे दोन पडले, आणि दोन्ही वेळा चाळीने हंडी फुटल्यासारखा जल्लोष केला! परबकाका शेजारच्यांना अभिमानाने सांगत होते, "आमचो पोरगो एकेक पाडूनच सोडता."

मग संध्याकाळी सगळ्यांना बसवून नियम शिकवला.

*

गेल्या वर्षी बादल घोड्यावरून पडलो, पाय मोडला. प्लास्टर बघून आईने घोडेस्वारी बंद केली. ती तोवर एकदाही मैदानावर आली नव्हती. घोड्याशिवाय माझा जीव रमत नाही, हे तिलाही दिसत होतं. शेवटी म्हणाली, "एकदा माझ्या डोळ्यांनी बघतलंय. मगे काय ता सांगतलंय."

*

पाय बरा झाल्यावरच्या स्पर्धेला आई पहिल्या रांगेत बसली, पदर तोंडाशी धरून. चाळ आता शहाणी, सगळे चिडीचूप. एकेक दांडा जागेवर राहिला. अगदी शेवटच्या उडीत बादलचा पाय लागला. दांडा खाली, पहिला नंबर गेला. चाळीने मान खाली घातली.

तेवढ्यात एकटीच्याच टाळ्या ऐकू आल्या. आई उभी होती. परबकाका तिला खाली बसवत होते, वयनी, दांडा पडणं वाईट असतं म्हणून.

आई म्हणाली, "दांडोच पडलो मां? माझो झील घोड्यार आसा मां? मगे वाजवा टाळ्या, आणि पुढची स्पर्धा खंय ता विचारा."