मॅन्युअलताईंचा शिळा कागद

ऑफिसात सगळे त्यांना मॅन्युअलताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. ताईंनाही त्याचं काही वाटत नसे, कारण इतकी वर्षं त्या मॅन्युअलच तर लिहीत आल्या होत्या. कुठलं बटण कशासाठी, काय दाबलं की काय होतं, भलतंच दाबलं गेलं तर निस्तरायचं कसं, हे सगळं सरळ भाषेत मांडायचं हा त्यांचा धंदा. त्याआधी त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत. पान एकदा मशिनवर चढलं की चूक शेकडो प्रतींत जाणार, म्हणून ते चढेपर्यंत मशिनभोवती घिरट्या घालायची सवय तिथे लागली ती लागलीच. फोनवर बोलताना त्या येरझाऱ्या घालायच्या आणि वाचताना खुर्चीच्या कडेवर बसायच्या, जणू आत्ता उठायचंच आहे.

त्यांचा नवरा तलावावर पोहायला शिकवायचा. दिवसभर पाण्यात राहून माणूस स्वभावानेही थंड झाला होता. तो म्हणायचा, "तुझ्या पायाला भिंगरी आहे हे मान्य. निदान जेवताना तरी ती काढून ठेव."

कंपनी लहानच होती. तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे शहराची अँब्युलन्स कंट्रोल रूम. फोन आला की ऑपरेटरने पत्ता घ्यायचा, जवळची गाडी पाठवायची, ती पोहोचेपर्यंत लक्ष ठेवायचं. हे सगळं या लोकांच्या सॉफ्टवेअरवर चाले. पूर्वी वर्षातून एकदा नवी आवृत्ती निघे. ताई महिनोन्‌महिने खपून जाडजूड पुस्तक तयार करत आणि ते हातात आलं की पहिल्यांदा त्याचा वास घेत.

मग टीमचा नवा प्रमुख आला. त्याला सगळे कॅप्टन म्हणू लागले. वयाने ताईंपेक्षा बराच लहान, हुशार, बोलायला गोड. त्याने अ‍ॅजाइल नावाची कामाची पद्धत आणली. वर्षभराचे बेत बंद. दोन आठवड्यांत जमेल तेवढं काम घ्यायचं, पुरं करायचं, गिऱ्हाइकाला द्यायचं, की लगेच पुढचे दोन आठवडे. भिंतीवर मोठा फळा लागला, त्यावर रंगीत चिठ्ठ्या, आणि रोज सकाळी त्या फळ्यासमोर सगळ्यांनी उभ्याने बैठक घ्यायची. उभ्याने माणूस कमी बोलतो, असं कॅप्टनचं म्हणणं. तो स्वतः मात्र उभ्यानेही भरपूर बोले.

"ताई, आता ते जाडं पुस्तक नको," त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं. कागद मागाहून."

ते 'मागाहून' ताईंच्या मानगुटीवर बसलं. फळ्यावर शेवटचा रकाना होता 'झालं'. चिठ्ठी तिथे गेली की टाळ्या पडत आणि मुलं नव्या चिठ्ठ्या उचलत. ताईंचं काम त्या रकान्याच्याही पलीकडे सुरू होई. कॉम्प्युटरच्या एका पडद्याबद्दल लिहून होतंय तोवर तो पडदा बदललेला असे. बटणाचं नाव वेगळं, रंग वेगळा, कधीकधी बटणच गायब. सुटलेल्या बसमागे धावावं तसं रोज चाललं होतं. सकाळी डोळा उघडायच्या आत छातीत धडधडू लागे की काल काय बदललं असेल. घरी भाजी चिरताना त्या मध्येच थांबून मुलीला विचारत, "'रद्द करा' बरं की 'मागे घ्या'?" मुलगी म्हणे, "आई, आधी हातातली सुरी खाली ठेव."

जाडं पुस्तक मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. सगळं जरा स्थिरावलं की ते पुन्हा नीट, सलग, शोभेल असं काढायचं, हा त्यांचा मनातला बेत होता. तोवर कंट्रोल रूमच्या सोयीसाठी त्यांनी एक पानभर सूचना लिहून पाठवल्या होत्या, फोन घेताना लागणाऱ्या नेमक्या गोष्टींच्या. त्यातली एक ओळ अशी: एकाच घरातून दुसऱ्यांदा फोन आला तर एफ-एट दाबा, दुसरा फोन पहिल्याला जोडला जाईल.

वात्रट लोक कंट्रोल रूमला पुन्हापुन्हा फोन करून छळायचे. ते फोन एका फटक्यात काढून टाकता यावेत म्हणून टीममधल्या एका प्रोग्रामरने एफ-एटचं काम बदललं. हा मुलगा अबोल, कानात सतत हेडफोन, म्हणून त्याला सगळे बहिरोबा म्हणत. आता एफ-एट दाबलं की दुसऱ्या फोनची नोंदही बंद आणि पहिल्याचीही. जोडण्यासाठी पडद्यावर वेगळं बटण आलं. आठवड्याच्या प्रात्यक्षिकात ताईंनी हे पाहिलं आणि लगेच विचारलं, "हे असंच राहणार का? मी कागदात बदल करते."

बहिरोबाने एका कानातला हेडफोन काढला. "पुढच्या वेळी बहुतेक परत बदलेल, ताई. आत्ता लिहू नका, उगाच दोनदा काम."

ताई थांबल्या. पुढच्या खेपेला काही बदललं नाही, पण तोवर दुसऱ्या वीस गोष्टी अंगावर आल्या होत्या, आणि कागदावरची ती ओळ तशीच राहिली.

आणि मग ते घडलं. एका घरात आजोबांचं बोलता बोलता तोंड वाकडं झालं. आजींनी फोन केला, गाडी निघाली. थोड्या वेळाने आजींच्या लक्षात आलं की पुढचं फाटक दुरुस्तीसाठी बंद आहे. त्यांनी पुन्हा फोन करून मागच्या गल्लीने यायला सांगितलं. फोन घेणारी मुलगी नवी होती. तिने समोरच्या कागदावर बोट ठेवलं, ओळ वाचली आणि एफ-एट दाबलं. दोन्ही नोंदी बंद झाल्या. ड्रायव्हरच्या पडद्यावर 'रद्द' उमटलं आणि त्याने गाडी वळवली. आजी दारात वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी रडत तिसरा फोन केला, तेव्हा कुठे घोळ कळला. आजोबा वाचले, पण उजवा हात निकामी झाला. वेळेत आणलं असतं तर कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशीची बैठक बसून झाली. दार लावलेलं होतं.

"बदल आपण ग्रुपवर कळवला होता," कॅप्टन म्हणाला.

"फळ्यावरही होता," आणखी कोणीतरी म्हणालं.

मग कंट्रोल रूमकडून आलेला कागदाचा फोटो पडद्यावर लागला, आणि खाली ताईंची आद्याक्षरं. खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकल्यासारखं ताईंना वाटलं. खापर कुठे फुटणार ते ठरून गेलं होतं. बहिरोबा खाली मान घालून नखं कुरतडत होता. ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, की यानेच मला लिहू नका म्हणून सांगितलं. पण समोर सगळीकडे तो निकामी हात दिसत होता. त्या उठल्या, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "मी तिथे जाऊन येते."

"ताई, बैठक चालू आहे."

"हो, चालू द्या."

इतक्या वर्षांत ताई कंट्रोल रूममध्ये कधी गेल्या नव्हत्या. बसमध्ये जागा असून त्या उभ्यानेच गेल्या. खोली लांबट, खिडक्या नसलेली. ओळीने टेबलं, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, तोंडाशी माइक, आणि एकाच वेळी अनेक शांत आवाज. घाबरलेल्या माणसांशी बोलताना ठेवावा लागतो तसा सगळ्यांचा आवाज. प्रत्येक टेबलावर ताईंचा कागद होता, प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलेला. काही ठिकाणी ऑपरेटरांनी पेनाने दुरुस्त्या केल्या होत्या. म्हणजे काहींना बदल ठाऊक होता. त्यांनी आपापला कागद सुधारला होता. नव्या मुलीच्या वाट्याला दुरुस्ती न केलेला आला होता.

तिथल्या सुपरवायझर बाई धिप्पाड आणि रोखठोक. ताईंनी ओळख सांगताच त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अच्छा, त्या तुम्ही! आता माफी मागायला आलात, की हे कागद काढून न्यायला?"

"दोन्हीसाठी," ताई म्हणाल्या.

"माफी मागा. कागद हलवायचा नाही. फोनवर एखादी आई किंचाळत असते तेव्हा डोकं चालत नाही, डोळा चालतो. आणि डोळ्याला काहीतरी समोर लागतं."

"आणि ते मोठं पुस्तक? आम्ही दिलेलं?"

बाईंनी हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली. तिथे पंख्याच्या स्टँडखाली, तो डुगडुगू नये म्हणून, जाडं पुस्तक सरकवलेलं होतं. ताईंनी वाकून त्याच्यावरची धूळ झटकली. मग, का कोण जाणे, त्यांना हसू आलं. बाईही हसल्या, आणि त्यांनी खुर्ची पुढे केली.

ती नवी मुलगी मागच्या खोलीत रिकाम्या कपाटाला टेकून बसली होती. तिला फोनवरून काढून नोंदींच्या कामाला लावलं होतं. ताई तिच्याशेजारी बसल्या. बोट ठेवून वाचलेली ती ओळ त्यांनीच लिहिली होती.

"मी नीट वाचलं होतं हो," मुलगी म्हणाली. "दोनदा वाचलं. घाई नाही केली."

"तू बरोबर वाचलंस. मी चुकीचं ठेवलं."

"मग सगळे माझ्याकडे असं का बघतात?"

ताई दिवसभर तिथेच राहिल्या. एका टेबलामागून दुसऱ्या टेबलामागे फिरत त्यांनी पाहिलं, लोक काय वाचतात, कधी वाचतात, कुठे अडतात. पाहता पाहता कळलं की कागदावरच्या निम्म्या ओळींकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि ज्या दोन गोष्टींवाचून घोडं अडतं त्या तिथे नाहीतच.

घरी नवऱ्याने ताट वाढलं. ताई उभ्याच. "मी पुस्तक बंद करतेय," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांचं काम होतं ते. नवऱ्याने ताट उचलून ओट्याजवळ आणलं आणि तोही उभ्यानेच जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत ताई पहिल्यांदाच फळ्याच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. "'झालं' म्हणजे काय झालं?" त्यांनी विचारलं.

कॅप्टन जपून बोलला. "ताई, कागद नकोच असं अ‍ॅजाइल म्हणत नाही. चालणारं सॉफ्टवेअर जास्त मोलाचं, एवढंच."

"कोणाच्या हातात चालणारं? इथे तुमच्या टेबलावर, की तिथे त्या मुलीच्या? परवा आपल्या टेबलावर ते झकास चालत होतं."

मग बहिरोबाने दोन्ही कानांतले हेडफोन काढून खिशात टाकले. "ताई विचारायला आल्या होत्या," तो म्हणाला. "मीच म्हटलं लिहू नका. हे कालच सांगायला हवं होतं."

कॅप्टन फळ्यापाशी गेला. तो वाईट माणूस नव्हता, घाईत होता. त्याने खडू उचलला आणि 'झालं'च्या आधी एक रकाना ओढला. त्यात ताईंनी लिहिलं, 'त्यांच्या कागदावर आलं'. चिठ्ठी तिथून पुढे न्यायची ती ताईंनीच.

लगेच सगळं सुतासारखं सरळ झालं, असं नाही. पुढच्याच महिन्यात गिऱ्हाइकाला शब्द दिलेली आवृत्ती ताईंनी अडवून धरली. नवीन बटणाची सूचना त्यांना एका ओळीत लिहिताच येईना. पाच वेळा लिहून पाच वेळा खोडली. कॅप्टन दारात येऊन घड्याळ बघत होता. "ताई, एक वाक्य आहे हो!"

"तेच तर. वाक्य होत नाहीये. 'हे दाबा, पण आधीचा फोन चालू असेल तर नको, आणि गाडी निघाली असेल तर आधी ते बघा.' घाबरलेल्या माणसाला हे सांगाल तुम्ही?" त्या बहिरोबाकडे वळल्या. "माझं लिहिणं चुकत नाहीये, बाळा. तुझं बटण चुकतंय."

बहिरोबा चिडला. उठून बाहेर गेला, परत आला, पुन्हा बाहेर गेला. मग ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "तुम्हाला कसं लिहिता येईल ते सांगा. मी तसं करून देतो." आवृत्ती उशिरा गेली, गिऱ्हाइकाने कॅप्टनला फैलावर घेतलं, आणि कॅप्टनने ते निमूट ऐकून घेतलं. सूचना मात्र चार शब्दांत बसली.

तेव्हापासून प्रत्येक खेपेला ताई स्वतः नवे कागद घेऊन कंट्रोल रूमला जातात आणि जुने आपल्या हाताने फाडतात. ती मुलगी काही महिन्यांनी फोनवर परतली. पहिल्या दिवशी ताई तिच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. एकाच घरातून दुसरा फोन आला. मुलीने कागदाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग ताईंकडे. ताईंनी हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. मुलीने बटण दाबलं, पडद्यावर दोन्ही फोन जोडलेले दिसले, आणि ती माइकमध्ये शांतपणे म्हणाली, "आजी, गाडी येतेय. मागच्या दाराचा दिवा लावून ठेवा."

ताईंनी श्वास सोडला. मग शेजारच्या टेबलाकडे त्यांचं लक्ष गेलं. तिथला ऑपरेटर नकाशा मोठा करायला धडपडत होता, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ताई लगबगीने तिकडे निघाल्या.