तिसऱ्या भागापर्यंत

मुलीला खानापूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बेळगावातच नोकरीला, घरची भातशेती, माणसं साधी. पाहुणे येऊन गेले, दोघं गच्चीवर जाऊन बोलून आली, आणि रविवारी उत्तर कळवते असं मी त्याच्या आईला सांगून मोकळी झाले. कामाला तारीख लावली नाही तर मला जेवण गोड लागत नाही.

शेवटी मुलीला मीच विचारलं, "आवडला का न्हाय, एवढं तर सांग."

"ठाऊक न्हाय गं. चहा प्याला, पगार सांगितला, माझ्या ऑफिसची वेळ विचारली. एवढ्यावर माणूस कळतोय व्हय?"

"मग कशावर कळतोय?"

तिनं कपाटातून 'मांगा' म्हणतात त्या जपानी चित्रकथेचे तीन भाग काढून माझ्या हातात दिले. असल्या पुस्तकांची तिच्याकडं रांगच आहे, इंग्रजीतल्या. "ह्याच्यावर. आणि मागनं उघड, उजवीकडनं वाचायचं असतंय."

मी चिडूनच वाचायला बसले. नायक पुलाचे नकाशे काढणारा, नायिका त्याच नदीत होडी चालवणारी. पहिल्या भागात त्याचं मोजमाप चुकतं आणि तो ते सहकाऱ्यावर ढकलतो. ती बघते, गप्प राहते. असल्याला मुलगी देऊ नये, असं मी तिथंच ठरवलं. दुसऱ्या भागात तो तिच्या आजारी वडलांना दवाखान्यात नेतो, पण तिथंही स्वतःचीच फुशारकी. मी मधेच उठून गॅस बंद करत होते, पुन्हा बसत होते. तिसऱ्यात तो सगळ्यांसमोर चूक कबूल करतो. नोकरी जाते. मग तिच्या होडीत येऊन बसतो, आणि दोघं पानंच्या पानं नुसती गप्प.

"बोल की रं बाबा आता!" मी मोठ्यानं म्हणाले.

मुलगी दारात उभी राहून हसत होती. "मघाशी तर त्याला नावं ठेवत होतीस."

"तवा कुठं ठाऊक होतं असा निघंल म्हणून!"

"त्याला तीन भाग दिलेस. ह्याला रविवार."

मला रागच आला. चित्रातल्या माणसाचं काय जातंय? त्याला दुसऱ्या मुली सांगून येत नाहीत. हे स्थळ हातचं गेलं तर? मी माळा आवरला, मसाल्याचे डबे पुसले, आवरलेला माळा पुन्हा आवरला.

रविवारी त्याच्या आईला फोन लावला. "आक्का, पोरीला त्याला आणखी भेटायचंय. एकदोनदा न्हाय, जरा जास्तच."

"का हो? आमच्या पोरात काय खोट दिसली?"

"अजून दिसली न्हाय. ती दिसायलाच वेळ पाहिजे म्हणती." बोलून गेले आणि जीभ चावली.

पलीकडं त्या हसल्या की खोकल्या, कळलं नाही. "रागावला की दोन-दोन दिस बोलत न्हाय, हे आताच सांगते. बाकीचं तिचं तिनं बघू दे. पण आमाला कवा सांगशीला?"

मी तारीख दिली नाही.

फोन ठेवून आत गेले, तर मुलगी तिच्या मोबाइलवर त्या मुलाशीच बोलत होती. मला बघून तिनं पाठ वळवली. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. करायला काहीच शिल्लक नव्हतं.