तळ्यातली लाल रेघ

पांढुर्ण्याला उतरायचं होतं आणि उतरले तिगावला. झोप लागली म्हणावं तर तसंही नाही. खिडकीतून बाहेर बघत होते, स्टेशन डोळ्यांसमोर आलं आणि गेलं, ते आपलं होतं हे गाडी सुटल्यावर ध्यानात आलं. पाचव्या खेपेला त्याच गावी जाणाऱ्या बाईनं हे करावं म्हणजे कमालच. बरोबर कोणी असतं तर हसलं असतं, निदान चिडलं तरी असतं. मी फलाटावरच्या बाकावर बसून बाटलीतलं कोमट पाणी प्यायले.

मे महिन्याचं ऊन, फलाटावर एक कुत्रं आणि मी. बाहेर एक रिक्षावाला मिळाला. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सोडतो म्हणाला आणि चाक हलायच्या आधीच त्यानं विचारलं, "कोनाच्या घरी चालल्या जी?"

"कोणाच्याच नाही. काम आहे."

"मंग मुक्काम?"

"सौंसरला, लॉजवर."

त्यानं आरशातून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. इकडे बाईमाणूस कोणाच्या तरी घरी येतं. मीही तो प्रश्न झटकून टाकला, पण तो बसपर्यंत माझ्याबरोबर आला.

काम काय, ते सांगायला हवं. सौंसरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक उघडी कोळसा खाण आहे. पावसाळ्यात तिथल्या ढिगांवरून काळं पाणी वाहतं. ते चरांमधून एका तळ्यात आणतात, गाळ खाली बसतो आणि निवळलेलं पाणी सांडव्यावरून नाल्यात जातं. नाल्याकाठी गावं आहेत, विहिरी आहेत, संत्र्याचे बगिचे आहेत. चर मोकळे आहेत का, तळ्यात गाळाला जागा आहे का, हे पावसाआधी बघून सही करायची. चार वर्षं मी ती करत आले. निवृत्तीनंतर मला बोलावणारं हे एवढंच काम उरलंय, त्यामुळे त्याचा तोरा जरा जास्तच.

सौंसरच्या बसमध्ये शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसल्या. नाव देवकाबाई, वाटेवरच्या एका फाट्याजवळ त्यांचा संत्र्याचा बगिचा. दोन्ही बाजूंची संत्र्याची झाडं मरगळलेली, पानं वळलेली दिसत होती. मी विचारलं, "पाण्यावाचून वाळली का हो?"

"वाळून नाई राहिली, ताणावर सोडली." (ताण म्हणजे मुद्दाम पाणी तोडणं. मग मृगाच्या पावसानं झाड एकदम फुलतं.) "पन दोन सालं झाले, पाऊस पडला का नाल्याले काळं पानी येते. झाडाच्या बुडाशी खपली धरते. फूल टिकतच नाई. औंदा बी तसंच झालं तं झाडं तोडा लागन."

मी ठसक्यात म्हणाले, "खाणीचं पाणी तपासूनच सोडतात. मीच तपासते."

"तुमी सोता?"

"हो, मी स्वतः."

"मंग बेस झालं." त्यांनी पदरात बांधलेली कैरीची फोड काढून मीठ लावून माझ्या हातावर ठेवली. उतरताना म्हणाल्या, "कदी आल्या तं फाट्यावर देवका म्हनून इचारजा." मी हो म्हटलं, जसं आपण कुणालाही म्हणतो.

सौंसरला लॉजखालच्या खानावळीत पाटवडीचा रस्सा मिळाला, वर भरपूर सांबार (कोथिंबीर). चार माणसांच्या टेबलावर माझं एक ताट. फोन समोर ठेवला होता. त्यावर रिचार्ज संपत आल्याचा निरोप तेवढा आला. जेवण छान होतं हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून वाढणाऱ्यालाच सांगितलं.

सकाळी खाणीची जीप आली. चर नीट उपसलेले होते, त्यांवर बोट ठेवायला जागा नव्हती. तळ्याशी शामराव उभे होते. तळ्याची राखण त्यांच्याकडे. पन्नाशी उलटलेले, सौंसरच्या बौद्ध वस्तीतले, शब्दाला पक्के. "जय भीम मॅडम. तुमची पट्टी तयार करून ठेवली," म्हणाले.

तळ्याच्या मधोमध एक लोखंडी पट्टी उभी असते. तिच्या खालच्या टोकापासून तीन फुटांवर लाल रेघ. उन्हाळ्यात पंपानं पाणी उतरवतात. रेघ उघडी दिसली की गाळाला जागा आहे, गाळ रेघेला टेकला की तळं उपसायचं. रेघ दिसत होती, ताज्या रंगानं चकाकत होती. मी छत्रीखालून ती बघितली आणि पेन काढलं.

तेवढ्यात खाणीजवळच्या वस्तीतली एक म्हैस पाण्यात शिरली. चालत चालत थेट पट्टीपर्यंत गेली आणि तिला अंग घासत उभी राहिली. मला आधी हसू आलं. मग दिसलं की पाणी तिच्या गुडघ्यापर्यंतच आहे. तळ्याच्या मध्यावर, आणि तिच्या पायाखालचा गाळ काठापासून जेमतेम कमरेइतका खाली. खणलं तेव्हा हे तळं दोन पुरुष, म्हणजे बाराएक फूट खोल होतं.

"शामराव, पट्टी तळाला रोवलीय ना?"

"तळाले कायची मॅडम, गाळात. दरसाली काढतो, धुतो, रंग देतो, अन् वरतून पुन्हा गाडतो. तुमीच तं म्हनलं होतं पयल्या साली, लाल रेघ मले काठावरून साफ दिसली पायजे."

म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत. हा माणूस दर मे महिन्यात चिखलात उतरून माझ्यासाठी रेघ वर उचलत होता आणि मी सावलीत उभी राहून सही करत होते. मला भयंकर लाज वाटली. देवकाबाईंची कैरी आठवली.

सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून मी तळ्यात उतरले. शामरावांनी बांबू धरला आणि मी दाबला. दोन पुरुष खोलीत दीड पुरुषाहून जास्त गाळ भरलेला होता. पहिल्याच मोठ्या पावसात सगळं काळं पाणी नाल्यात जाणार होतं, जसं दोन वर्षं गेलं होतं.

जीपबरोबर आलेले खाणीचे तरुण अभियंता माणूस म्हणून वाईट नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, शामरावनं पट्टी हलवली एवढंच लिहा. तळं आम्ही उपसतो. तुमच्यावर काही येणार नाही, पुढच्या वर्षीही तुम्हीच या."

शामराव लांब उभे होते, पट्टी खांद्याला लावून. त्यांना ऐकू गेलं असावं. "माह्यानं चुकी झाली काय मॅडम?"

"नाही. माझी झाली."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. पट्टी माझ्या सांगण्यावरून उचलली गेली. चार वर्षं मी गाळ स्वतः मोजला नाही. चारही सह्या चुकीच्या. पाऊस यायच्या आत तळं उपसा. अभियंत्यांनी वाचलं, मान हलवली आणि दुपारी पहिला पंप लावला. पुढच्या वर्षाबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरला फाटा सांगितला.

"कोनाच्या घरी?"

"देवकाबाईंच्या," मी म्हणाले. हे उत्तर देणं इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

देवकाबाई बगिच्यात होत्या. एका झाडाच्या बुडाशी बसून मी सगळं सांगितलं, काहीच राखलं नाही. त्यांनी बोटानं मातीवरची काळी खपली उचलली, चुरली आणि म्हणाल्या, "चार सालं तुमी वरतून पाहून गेल्या. एकडाव खाली आल्या असत्या तं."

मग त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझा नंबर मागितला. "पानी साफ आलं तं फोन करीन. काळं आलं तरी करीन."

पांढुर्ण्याहून गाडीत बसले ती नागपूरपर्यंत जागीच राहिले. आज घरी येऊन नऊ दिवस झाले. खाणीचं पुढचं बोलावणं येणार नाही, हे मला कळलंय, आणि घर पूर्वीइतकंच रिकामं आहे. फोन मात्र मी आता स्वयंपाकघरातही बरोबर नेते. सौंसरच्या बाजूला अजून पाऊस नाही.